'महान गरपालिका' : नव्या वाचकांपुढचे जोडलेले शब्द

आजचा विषय ऐकून काहींना शाळेतला समासाचा तास आठवला असेल. विग्रह करा, प्रकार ओळखा, दोन गुण. ते आज नाही. आम्ही बोलणार आहोत पहिली ते तिसरीतल्या मुलांबद्दल. ज्यांना अक्षरं येतात, काना-मात्रा येतात, छोटे शब्द वाचता येतात आणि तरी लांब शब्दापाशी येऊन जी अडखळतात, त्यांच्याबद्दल. आम्ही म्हणजे पनवेल परिसरात लहान मुलांना वाचायला शिकवणारे काही जण. आमचं म्हणणं असं, की या अडखळण्याचं एक मोठं कारण जोडून झालेले शब्द हे आहे. आणि ते शिकवण्याच्या ज्या रीती आज चालू आहेत, त्या दुखतं एकीकडे आणि मलम दुसरीकडे अशा आहेत.

आधी अडखळणं म्हणजे काय ते बघू. पनवेलची महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला अस्तित्वात आली. तेव्हापासून हा शब्द मुलांना गावभर दिसतो. कचऱ्याच्या गाडीवर, बागेच्या फाटकावर, शाळेच्या पाटीवर. आठ अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, म्हणजे आपल्या हिशेबाने सोपा शब्द. नुकतं वाचायला लागलेलं मूल तो कसा वाचतं? महान. गर. पालिका. आपल्याला हसू येतं. पण त्याचं चुकलं कुठे, सांगा बघू. ते डावीकडून निघालं, वाटेत ओळखीचा 'महान' भेटला, तिथे थांबलं, उरलेलं कसंबसं गोळा केलं. 'विमानतळ' घ्या. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, आपल्या अगदी उशाशी आहे तो, बाण काढलेल्या पाट्या जागोजागी दिसतात. नवा वाचक त्यातून आधी 'विमा' बाहेर काढतो, मग 'नतळ' हातात घेऊन बसतो. 'वाहनतळ'चं होतं 'वाह' आणि पुन्हा तेच 'नतळ'. हे नतळ म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर ते मूल सगळ्यात चांगलं वाचणारं समजा. बहुतेक विचारत नाहीत. वाचलेल्याला अर्थ नसतो, असं धरून पुढे जातात. आम्हाला भीती वाटते ती त्या पुढे जाण्याची.

असं का होतं? आपली लिपी जसं बोलतो तसं लिहिते, हे आपण अभिमानाने सांगतो आणि पुष्कळसं ते खरंही आहे. एका बाबतीत मात्र ती मौन पाळते. 'घर' लिहिताना र पूर्ण लिहितो, बोलताना म्हणतो घर्. शेवटचा अ आपण गिळतो. मुलं हे पटकन शिकतात, कारण शब्द संपला की पुढे कोरी जागा दिसते. आता 'घरकाम' लिहा. र नंतर जागा नाही, पण अ गिळायचा तो तिथेच. इथे गिळा, असं सांगणारी कोणतीही खूण कागदावर नाही. ती खूण आहे ती एवढीच, की घर इथे संपलं हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असणं. 'वनभोजन' हा शब्द पाचही अक्षरं पूर्ण म्हणत, सावकाश वाचून बघा. व, न, भो, ज, न. ओळखू येतो का? आपल्या जुन्या मोडी कागदांत तर दोन शब्दांमध्येसुद्धा जागा सोडत नसत, आणि तरी कारकून भराभर वाचायचे. त्यांचा कान डोळ्याच्या पुढे धावत असे. पहिलीतल्या मुलाचा कानही तेवढाच तयार असतो, फक्त वाचताना तो वापरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा मुद्दा असा, की मराठीत शब्दाची शिवण सापडणं हा वाचनाचा भाग आहे, व्याकरणाचा नंतर. एवढं मान्य केलं की आजच्या रीतींकडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

पहिली रीत म्हणजे थांबणं. समास माध्यमिक शाळेत येतो, नववी-दहावीत त्यावर गुण असतात, मग लहानांना त्याचं काय? मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून मो. रा. वाळंब्यांच्या शालेय पुस्तकापर्यंत या विषयाची मांडणी आपल्याकडे उत्तम झालेली आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ही सगळी मांडणी ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी आहे. तत्पुरुष ओळखण्याआधी आठ वर्षं मूल ते शब्द वाचत असतं किंवा वाचायचे टाळत असतं. त्या आठ वर्षांसाठी आपल्याकडे काही नाही.

दुसरी रीत 'जोडशब्द लिहा' ही. रिकाम्या जागा भरा: पाला आणि पुढे रेघ, अंथरूण आणि पुढे रेघ, गोड आणि पुढे रेघ. मूल लिहितं पाचोळा, पांघरूण, धोड. पाठ केलेलं असतं. हे शब्द सुंदर आहेत, पण 'धोड' ला एकट्याने उभं करून बघा, काही अर्थ नाही. मग हे जोडणं शिकवलं, की पाठांतर? गंमत म्हणजे हीच मुलं शाळेत यायच्या कितीतरी आधीपासून 'खाऊबिऊ', 'चहाबिहा', 'पुस्तकंबिस्तकं' असे जोड स्वतः पाडत असतात. त्यासाठी त्यांना कुणी रिकामी रेघ दिलेली नसते. जे त्यांना येतं ते आपण विचारत नाही. जे आपल्या मार्गदर्शक पुस्तकात छापलेलं आहे तेवढंच विचारतो. शिवाय नावांचा गोंधळ आहेच. जोडाक्षर, जोडशब्द, सामासिक शब्द, संधी. शिक्षकांच्याच तोंडी ही नावं एकमेकांत मिसळतात, तर दुसरीतल्या पोराने काय करावं.

तिसरी रीत नवी आहे आणि तिच्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण ती दिसायला फार आकर्षक आहे. रंगीत सरावपत्रिका. एका चौकटीत फुलाचं चित्र, अधिकचं चिन्ह, पाखराचं चित्र, बरोबरचं चिन्ह आणि शेवटी फुलपाखरू. इंग्रजीत असे कागद ढिगाने आहेत. तिकडे 'रेन' आणि 'बो' मिळून 'रेनबो' होतो, 'कप' आणि 'केक' मिळून 'कपकेक'. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात हे कागद येतात आणि तिथून मराठीच्या तासाला त्यांचा अवतार होतो. इंग्रजीत हे चालतं, कारण तिथे जोडताना तुकड्यांचं स्पेलिंग सहसा बदलत नाही. मराठीत बदलतं. फूल मधला ऊ दीर्घ, फुलपाखरू मधला ऱ्हस्व. तीळ दीर्घ, तिळगूळ ऱ्हस्व. पाणी अधिक बुडी बरोबर पाणबुडी, मग ई कुठे गेली? पोळी अधिक पाट बरोबर पोळपाट, पुन्हा ई गेली. घोड्याची घोडदौड होते आणि घोडेस्वारही होतो. गणित म्हणून जे मांडलं, ते गणित म्हणून चूक आहे. हुशार मूल हे पकडतं आणि शिक्षक म्हणतात, तसंच असतं ते.

आणि मिठागर? पनवेल, उरण, पेण या भागाचा हा शब्द, खाडीकाठच्या मुलांनी घरी ऐकलेला. मीठ आणि आगर. शब्दपट्टी करून कात्रीने कापायला बसा. कुठे कापणार? शिवण ठा या एकाच अक्षराच्या पोटात आहे. विद्यालय, रुग्णालय, कार्यालय, ग्रंथालय, सगळ्यांचं हेच. मुलांच्या डोळ्यांसमोर चोवीस तास असलेल्या पाट्यांवरचे निम्मे शब्द कात्रीने कापताच येत नाहीत. आम्ही तर म्हणतो, पहिली-दुसरीत कात्री बाजूला ठेवा. हे शब्द तोंडाने उघडतात. 'आलय' काय आहे हे पहिलीत सांगायची गरज नाही. रुग्णालय, कार्यालय, विद्यालय असे तीन शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हटले, की शेपूट सारखं आहे हे मूलच सांगतं.

आता एक अशी जागा, जिथे आपण रोज हा विषय शिकवत असतो आणि आपल्या ते गावीही नसतं. वर्गाच्या भिंतीवरचा वारांचा तक्ता. सोमवार ते रविवार, सातही सामासिक शब्द. मुलाला भेटणारं समासांचं हे पहिलं कुटुंब. पण आपण ते फक्त पाठ करून घेतो. वार हा तुकडा सात वेळा येतो, याच्याकडे बोट दाखवायला अर्धा मिनिट लागतो. त्यात एक तिढाही आहे. वर्गात एखादा रवी असतोच. त्याचं नाव दीर्घ, तक्त्यावरचा रविवार ऱ्हस्व. गुरू दीर्घ, गुरुवार ऱ्हस्व. शनी आणि शनिवार तसंच. १९६२ पासून चालत आलेल्या आपल्या लेखननियमांत हे बसवलेलं आहे: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असे ऱ्हस्व शेवटाचे शब्द मराठीत एकटे असताना दीर्घ लिहायचे, समासात पहिल्या जागी आले की ऱ्हस्वच ठेवायचे. नियमाला कारण आहे. पण रवीने आपल्या नावावरून 'रवीवार' लिहिलं, तर त्याने शिवण बरोबर ओळखली असा त्याचा अर्थ. आपण तिथे लाल शाई वापरतो. सात वर्षांच्या मुलाने शब्दाचा एक भाग ओळखून तो स्वतःच्या नावाशी जोडला, आणि त्याला त्याबद्दल फुली मिळाली. ही फुली तिसरीपर्यंत देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऱ्हस्व-दीर्घ नंतरही सुधारता येतं.

वारांवरून आठवलं. अमेरिकेतल्या जीन बर्को यांचा १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास भाषाविज्ञानात फार गाजलेला आहे. चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी इतर प्रश्नांबरोबर हेही विचारलं, की अमुक शब्दाला तसं का म्हणतात. त्यात शुक्रवारचा 'फ्रायडे' होता. एकाचं उत्तर असं, की त्या दिवशी तळलेले मासे खातात म्हणून. मुलं शब्द उघडून बघतात ती अशी. उघडतात, आणि आत जे सापडेल त्याचा अर्थ लावतात. पनवेलच्या मुलाला 'आईस्क्रीम'मध्ये आई सापडते आणि वटवाघळात वाघ. ही चूक म्हणून खोडायची, की हीच सवय म्हणून पकडायची, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

कारण उघडून बघितलं म्हणजे अर्थ मिळेलच असं नाही. तत्पुरुषात शेवटचं पद मुख्य, असं आपण शिकलो. बटाटावडा हा वडाच, साखरभात हा भातच, मालगाडी ही गाडीच. पनवेल जंक्शनवरून मालगाड्या जाताना आमची मुलं रोज बघतात, तो शब्द शिकवावा लागत नाही. पण गोगलगाय ही गाय नाही. देवमासा हा मासा नाही. पाणघोडा घोडा नाही. आणि बाबागाडी! मुलांना खात्री असते की ती बाबांची गाडी. त्यातला बाबा म्हणजे बाळ, हे ऐकून त्यांना फसवल्यासारखं वाटतं. 'आगगाडी'त आग बघितलेलं मूल तर आज एकही नाही, ती त्यांच्या लेखी ट्रेन किंवा लोकल आहे. वडापाव हा पाव की वडा, यावर एका वर्गात पंधरा मिनिटं भांडण चाललं आणि आम्ही ते थांबवलं नाही. (द्वंद्व आहे हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी शेवटी 'दोन्ही' असं ठरवलं, म्हणजे तेच झालं.)

सरावपत्रिका या सगळ्यातून फक्त सरळ वागणारे शब्द निवडते आणि मुलाला असं वाटू देते, की दोन चित्रं जोडली की अर्थ तयार. मग गोगलगाय आली की मूल गोंधळतं. उलट आधी गोगलगाय घेतली तर? गाय आहे का ती? नाही. मग शिंगं असलेली, हळू चालणारी, गरीब, म्हणून गाय म्हटलं असेल का? अशा गप्पांत त्या शब्दाची शिवण पक्की होते, आणि भाषा तुमच्याशी थोडी थट्टा करते हेही कळतं. मुलांना थट्टा समजते.

मग करायचं काय? आमची रीत साधी आहे. शब्द आधी तोंडात, मग कागदावर. घरचं कुटुंब घेतो: देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाळणाघर, तिकीटघर. मुलं आपली भर घालतात, कुणी कुत्र्याला 'भूभूघर' बांधतं. सगळं झाल्यावर फळ्यावर लिहितो आणि प्रत्येक तुकड्याखाली कमान काढतो. ही कमान आमची नाही. जर्मन शाळांत शब्दांच्या अवयवांखाली अशा कमानी काढून घेतात. त्यांच्या भाषेत आगगाडीएवढे लांब शब्द असतात, त्यांना सोयच नाही. आम्ही अवयवांऐवजी अर्थाच्या तुकड्यांना कमान देतो. महा, नगर, पालिका. तीन कमानी, आणि 'महान' आपोआप मोडतो. आपल्याकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवताना वर्णमालेच्या क्रमाला चिकटून न राहता अक्षरांचे गट करून लवकरात लवकर मुलाच्या बोलीतल्या अर्थपूर्ण शब्दांपाशी जायचा आग्रह धरला. आम्ही त्याच वाटेने एक पाऊल पुढे, लांब शब्दापर्यंत जाऊ बघतो आहोत, इतकंच.

इथे एक आक्षेप आमच्यावरही येतो आणि तो खरा आहे. तुम्ही म्हणता कान तयार असतो. कोणाचा? पनवेलच्या वर्गात आगरी बोलणारी मुलं असतात, कातकरी वाडीवरची असतात, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कुटुंबांतली असतात. सगळ्यांच्या कानात 'पाणवठा' नसतो. आगरी मुलाचं आम्हाला फारसं अवघड वाटत नाही. ते 'पानी' म्हणतं आणि 'पानबुडी' म्हणतं. ण चा न झाला म्हणून शिवण हलत नाही. तिथे ण सुधारायला धावणारे शिक्षकच काम बिघडवतात. हिंदी घरातल्या मुलाकडे तर उलट भांडवल असतं. रसोईघर त्याला माहीत असतं, मग स्वयंपाकघर अर्धं उघडलेलंच आहे. चिडियाघरही माहीत असतं, आणि इथे आपण त्याच्यापुढे ठेवतो प्राणिसंग्रहालय. पहिला तुकडा ऱ्हस्व केलेला, दुसऱ्याची शिवण अक्षराच्या पोटात, अर्थ संस्कृत. या एका शब्दात सगळी संकटं एकत्र आहेत. मुंबईकर मराठी माणूस स्वतः काय म्हणतो? राणीची बाग. आणि मुलांनी त्याचीही राणीबाग करून टाकली आहे. कातकरी मुलांबाबत मात्र आमची रीत अपुरी पडते. त्यांच्या बोलीतले जोड कुठले, हे आधी त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवावं लागतं, आणि ते काम शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. आम्ही थोडंसं केलं आहे, खूप उरलं आहे.

शेवटी मोजमापाबद्दल. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यातलं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाला आमचा विरोध नाही. त्याच्या कितीतरी आधी, २००५ पासून, 'असर'च्या चाचणीने अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या लावून देशाला आरसा दाखवला, तोही उपयोगी पडला. पण मिनिटाला शब्द मोजताना शब्द म्हणजे काय? 'आई' हा एक शब्द आणि 'महानगरपालिका' हाही एकच. इंग्रजीत 'म्युनिसिपल कॉर्पोरेशन' दोन सुटे शब्द आहेत, मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययंही जोडून लिहितो, म्हणजे 'महानगरपालिकेसमोरच्या' हासुद्धा एकच. दोन उताऱ्यांत साठ-साठ शब्द असले, तरी एकात घर, आई, पाणी असतील आणि दुसऱ्यात विमानतळ, रुग्णालय, मधमाशीपालन. घड्याळ दोघांना एकच. दुसऱ्या उताऱ्यावर थांबलेलं मूल मागे पडलेल्यांच्या यादीत जातं, आणि ती यादी पालकांपर्यंत पोचते. त्या मुलाला अक्षरं येत नव्हती असं नाही. त्याला शिवण कुणी दाखवली नव्हती.

म्हणून दोन गोष्टी आम्ही मागतो आहोत. चाचणीच्या उताऱ्यांत किती जोडलेले शब्द आहेत हे उतारा निवडतानाच मोजलं जावं. हे काम एका संध्याकाळचं आहे. आणि पहिली-दुसरीच्या पुस्तकांत असे शब्द पहिल्यांदा येतात तिथे त्यांच्या तुकड्यांना दोन फिकट रंग द्यावेत. दुसऱ्यांदा आले की रंग काढून टाकावा, नाहीतर मूल रंगच वाचत बसेल. मिठागरचं काय, असं आम्हाला लगेच विचारलं जातं. ठा ला कुठला रंग द्यायचा? त्याला रंग देऊच नये. तो शब्द त्या पानावर काळाच छापावा, आणि खाली शिक्षकांसाठी एक ओळ असावी: हा मोठ्याने म्हणून घ्या.